पितळ उघडं पडू नये म्हणून

मराठी घरात पितळेच्या दोनच अवस्था माहीत असतात: घासलेलं आणि घासायचं राहिलेलं. पितळेला तिसरीही अवस्था असू शकते आणि त्या अवस्थेतल्या पितळेला लोक जास्त पैसे मोजतात, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नसेल. गौरी-गणपती जवळ आले की आमच्याकडे समया, निरांजनं, ताम्हनं, घंटा अशी सगळी मंडळी मागच्या अंगणात रांगेने बसायची आणि चिंचेचा कोळ आणि राख घेऊन बायका त्यांच्यावर तुटून पडायच्या. संध्याकाळपर्यंत समईत तोंड दिसायला हवं. नाही दिसलं तर दोष समईचा नव्हे, घासणारीचा. असल्या घरात वाढलेल्या माणसाने पुढे पेनसिल्व्हेनियात जाऊन जुन्या रायफलींची कळकलेली काडतुसं जमवावीत, आणि त्यांच्यावरचा कळंक जपावा, हे जवळजवळ धर्मांतरच आहे.

छंद तसा फार वाईट नाही. त्याची ‘इंटरनॅशनल अॅम्युनिशन असोसिएशन’ नावाची रीतसर संस्था आहे, तिचं नियतकालिक निघतं आणि त्यात एकेका काडतुसाच्या बुडावर पानंच्या पानं लिहिली जातात. हो, बुडावर. काडतूस जमवणारे लोक गोळीचं टोक बघतच नाहीत. ते पहिल्यांदा काडतूस उलटं करतात, कारण सगळी कुंडली बुडावर कोरलेली असते: कारखाना, साल, प्रकार. ओळख झाल्या झाल्या समोरच्याच्या बुडाकडे बघणारा असा दुसरा समाज मी पाहिलेला नाही.

लोकांना सगळ्यात जास्त छळतो तो प्रश्न वेगळाच. माझ्याकडे काडतुसं आहेत, बंदूक नाही. हे सांगितलं की अमेरिकन माणूस सहानुभूतीने बघतो आणि आपली एखादी जुनी रायफल विकायला काढतो. पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले माझे मामा मात्र फोनवर मनापासून हसले. म्हणाले, “आमच्या वेळी उलटं असायचं रे. खांद्याला थ्री नॉट थ्री, आणि गोळ्या साहेबांच्या कपाटात.”

थ्री नॉट थ्री हाच माझा विषय. ब्रिटिशांनी १८८८ साली हे काडतूस स्वीकारलं आणि त्यानंतर बोअर युद्ध, दोन महायुद्धं, असंख्य लाठीमार-गोळीबार आणि एनसीसीच्या परेडी यांतून ते आमच्याकडच्या पोलीस ठाण्यांपर्यंत पोचलं आणि तिथेच मुक्काम ठोकून बसलं. इथे पेनसिल्व्हेनियात, आमच्या भागात शनिवार-रविवारी गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बंदुकांची जत्रा भरते. तिथे शेवटच्या टेबलावर एखादे आजोबा सिगारच्या रिकाम्या खोक्यांत सुटी काडतुसं घेऊन बसलेले असतात. अशाच एका खोक्यात बोटं घालून ढवळताना एक काडतूस हाताला लागलं. उलटं केलं. K आणि F, दोघांच्या मधे बाण.

म्हणजे किर्की फॅक्टरी. खडकी! पुण्याजवळच्या या दारूगोळा कारखान्याची स्थापना १८६९ सालची. माझं लहानपण त्याच्या भोंग्यावर गेलं. भोंगा झाला की आमच्या गल्लीत घड्याळं लावली जायची आणि सायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडायचा. तर हे काडतूस आणि मी एकाच गावचे. ते महायुद्धात घराबाहेर पडलेलं, मी नोकरीसाठी. आणि भेट झाली ती पेनसिल्व्हेनियात, हॉट डॉगच्या वासात. आजोबांनी दोन डॉलर सांगितले. मी घासाघीस केली नाही. गाववाल्याच्या बाबतीत तेवढं चालतं.

मधल्या बाणाचा अर्थ ‘ही सरकारची मालमत्ता आहे’ असा. इंग्रजांनी हा बाण तोफांवर, पिंपांवर, कैद्यांच्या कपड्यांवर, सगळीकडे उमटवला होता. म्हणजे नियमाने बघायचं तर मी दोन डॉलर देऊन सरकारी माल घेतला. पण ते सरकार आता माल परत मागायला येईल असं वाटत नाही. त्याने स्वतःच पुष्कळ काही परत करायचं बाकी आहे.

हे काडतूस जरा जवळून बघण्यासारखं आहे. लांबी साधारण ७८ मिलिमीटर. पुंगळीचं पितळ जुन्या मधाच्या रंगाला आलेलं. गोळीचा चंदेरी मुलामा काळवंडलेला. जिथे गोळी पुंगळीत शिरते त्या मानेभोवती हिरवी कडी, आणि ती एका बाजूला जाड, जणू काडतूस वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपलं होतं. पोटावर एक गुलाबीसर डाग. हा डाग म्हणजे कुणी लाडाने लावलेलं काही नाही. तिथलं जस्त निघून गेलं आहे आणि मागे नुसतं तांबं उरलं आहे. पुंगळीचं पितळ ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त असतं. ओल आणि आम्ल यांच्या संगतीत जस्त आधी पळ काढतं, तांबं मागे राहून निस्तरतं.

बुडावर, प्रायमरभोवती, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टिकलीभोवती, जांभळ्या लाखेची एक पुसट रेघ आहे. ही रेघ फार महत्त्वाची. ब्रिटिश पद्धतीत साध्या गोळीच्या काडतुसाला जांभळा रंग, उजेडाची रेषा सोडत जाणाऱ्या ट्रेसरला लाल, आग लावणाऱ्याला निळा आणि चिलखत भेदणाऱ्या गोळीला हिरवा. आता विचार करा. साधं काडतूस कुठेही मिळतं. चिलखतभेदी त्याहून दुर्मिळ, म्हणजे महाग. आणि कळंक कुठला? हिरवा. तो कुठे जमतो? प्रायमरभोवतीच्या खाचेत, नेमका लाखेच्या जागी. त्यामुळे प्रत्येक जत्रेत एक तरी विक्रेता भेटतो, जो साध्या काडतुसाच्या बुडावरचा कळंक बोटाने दाखवत “हिरवा आहे, बघा” म्हणतो, आणि एक तरी गिऱ्हाईक भेटतं, जे भिंग काढून अर्धा तास त्या हिरव्याचं गोत्र तपासत बसतं. लाख गुळगुळीत असते, कळंक भुरभुरा. हा फरक माहीत असलेला माणूस कधीच मोठ्याने बोलत नाही. तो पलीकडच्या टेबलावर खरं हिरवं शोधत असतो.

उन्हाळ्यात आई आली. तिच्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, भाजणी आणि पितांबरीची दोन पाकिटं होती. पितांबरी कशाला, असं मी विचारलं नाही. कारण ती जिथे जाते तिथे पितळ असणारच हा तिचा विश्वास, आणि या वेळी तो खरा ठरला. दुसऱ्याच दिवशी माझा काडतुसांचा ट्रे तिच्या नजरेस पडला.

“अरे, किती कळकल्यात या! चिंच नाही का घरात?”

“आई, त्या घासायच्या नसतात.”

“का? पितळेच्याच आहेत ना?”

मी तिला सगळं शास्त्र सांगितलं. चिंचेतल्या आम्लाने कळंक जातो हे खरं, पण त्याबरोबर पितळेचा वरचा थरही जातो. बुडावरची अक्षरं पुसट होतात. जांभळी लाख धुऊन निघते. आणि नवं उघडं पडलेलं पितळ पहिल्यापेक्षा लवकर काळं पडतं. वर्षानुवर्षं चढलेला तो तपकिरी थर हेच खरं म्हणजे त्याचं पांघरूण. घासलेल्या काडतुसाची किंमत निम्म्यावर येते, आणि जाणकार ते हातातसुद्धा धरत नाहीत.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. “आपल्या समया शंभर वर्षं घासतोय. अजून उभ्या आहेत.”

“समईत दारू नसते गं.”

“यात दारू आहे?” आईने आधी काडतुसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसरी नजर जास्त कडक होती.

तर न घासता करायचं काय? पुष्कळांना वाटतं, काहीच नाही. पण हा छंद म्हणजे काहीच न करण्याची फार तपशीलवार पद्धत आहे. हातमोजे घालून काडतूस कोरड्या सुती फडक्याने पुसायचं. सुटा कळंक लाकडी काडीने अलगद उचलायचा, खरवडायचा नाही. मग मेणाचा अगदी पातळ हात. त्यासाठी ‘रेनेसाँस वॅक्स’ नावाचं मेण मिळतं, ते मुळात ब्रिटिश म्युझियमसाठी १९५०च्या दशकात तयार झालं. लुटीचा माल जपण्याच्या बाबतीत त्या संस्थेचा अनुभव दांडगा, त्यामुळे मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. पातळ, झिरपणारी तेलं मात्र वर्ज्य. ती प्रायमरच्या कडेने आत शिरतात. चामड्याचे पट्टे वर्ज्य. कमावलेल्या चामड्यातल्या आम्लांमुळे पितळेवर हिरवं मेण उगवतं. ओकच्या लाकडाचं देखणं कपाटही वर्ज्य, कारण ओकमधून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते आणि गोळीतलं शिसं पांढरं पडून त्याची भुकटी होऊ लागते. म्हणजे हौशी माणसाला जे जे राजेशाही वाटतं, ते ते काडतुसाचं वाटोळं करतं. त्याला मानवतो प्लॅस्टिकचा हवाबंद डबा आणि नव्या बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी. माझ्या घरी बूट कोणीही घेतले तरी पुडी माझी.

आणि ब्रासो! एनसीसीत असताना कमरेच्या पट्ट्याचं बक्कल आणि टोपीचा बिल्ला आम्ही ब्रासोने असा घासायचो की परेडला सूर्य सरांच्या डोळ्यांत जायचा. काडतुसाला ब्रासो लावणं हे या पंथातलं महापातक, कारण ब्रासोत अमोनिया असतो. अमोनिया आणि काडतूस यांचं वैर जुनं आहे, आणि ते वैर आपल्या पावसाळ्यात जुळलेलं आहे. ही गोष्ट मला इतकी आवडते की पाहुणे जेवायला बसले की मी ती काढतो आणि बायको वाढणं थांबवते.

ब्रिटिश हिंदुस्थानातल्या फौजांना एक कोडं पडलं होतं. नवीकोरी काडतुसं पावसाळ्यापुरती कोठारात ठेवायची आणि पावसाळा संपला की बाहेर काढायची, तर पुंगळ्यांना माना-पोटापाशी भेगा. कोणी हात लावलेला नाही, कुठे आपटलेली नाहीत, गंजही फारसा दिसत नाही, पण तडकलेली. भेगा पावसाळ्यात पडतात म्हणून साहेबांनी नाव ठेवलं ‘सीझन क्रॅकिंग’. हवामानावर ढकललं की साहेब सुटतो, ही रीत तेव्हापासूनची असावी. खरं कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं. पुंगळी कशी बनते? पितळेची चकती ठोकून तिची वाटी करतात आणि ती वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात, तीही थंड असतानाच. त्या ओढाताणीचा ताण पितळेच्या अंगात मुरून राहतो. वरून ते शांत दिसतं. अशा ताणलेल्या पितळेला दमट हवेत अमोनियाचा वास लागला की तो तांब्याला कणाकणाच्या सीमेवर कुरतडत जातो आणि एक दिवस ताण स्वतःहून वाट काढतो. आता पावसाळ्यात कोठारात अमोनिया कुठून आला? तर काडतुसांसाठी कोरडी जागा म्हणून घोड्यांचे तबेले वापरले जात होते. आणि घोडे, पावसाळा असो नसो, आपला नित्यक्रम सोडत नाहीत.

म्हणजे ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याचा दारूगोळा त्याचेच घोडे मुतून निकामी करत होते. १८५७च्या काडतुसांच्या चरबीवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, पण या घोड्यांचा इतिहासात कुठे उल्लेख नाही. एखाद्या चौकात त्यांचा पुतळा हवा होता. नाहीतरी पुतळ्यांत घोडे असतातच; वरचा माणूस तेवढा उतरवायचा. उपाय मात्र साधा निघाला: पुंगळी बनवून झाल्यावर हलकेच तापवायची, म्हणजे ताण सैल होतो. आई हे ऐकून म्हणाली, “ताण गेला की माणूससुद्धा तडकत नाही.” मी तिच्यापुढे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांची नावं परत काढली नाहीत.

बाहेरचा कळंक एक वेळ परवडतो, आतला नाही. जुन्या थ्री नॉट थ्रीत सहसा भुकटी नसते, कॉर्डाइट असतं: शेवयांसारख्या पिवळट-तपकिरी लांब काड्यांची जुडी. मूळ कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन. होय, टाचांना लावतात तेच. नळीला वंगण मिळावं म्हणून ते घातलं होतं, पण त्याने मिश्रण टिकायलाही मदत होते असं दिसून आलं. ही जुडी भरलेली असते तीही मजेशीर पद्धतीने. पुंगळी सरळ असतानाच काड्या आत ठेवायच्या, वर पुठ्ठ्याची चकती, आणि मग मान आवळायची. अरुंद मानेतून एवढी जुडी आत गेली कशी, याचं उत्तर असं की ती मानेतून गेलीच नाही. दारू आधी भरली, गळा नंतर आवळला.

ही दारू म्हातारी झाली की तिचं विघटन होऊन नत्राची आम्लं सुटतात आणि ती पुंगळी आतून खायला लागतात. बाहेर अंग स्वच्छ, आणि मधेच कुठे टाचणीच्या टोकाएवढा हिरवा ठिपका. नवखा माणूस हसत विकत घेतो. मुरलेला माणूस तो ठिपका बघतो, काडतूस हळूच ठेवतो आणि टेबलापासून दोन पावलं सरकून हवापाण्याच्या गप्पा सुरू करतो. असं काडतूस घरात निघालं तर पक्कड घेऊन शस्त्रक्रिया करायची नाही, पोलिसांना कळवायचं. इथल्या पोलिसांना त्याची सवय आहे. कुणाचे तरी आजोबा वारतात आणि तळघरातून युद्ध निघतं.

आमच्या पंथाच्या शेजारीच नेमबाजांचा पंथ आहे. त्यांचं आमचं पटत नाही. मी ज्याला ‘१९४२, किर्की, उत्तम स्थिती’ म्हणतो त्याला ते ‘अजून उडेल’ म्हणतात. आणि जुनं काडतूस उडतंही, पण स्वतःच्या सोयीने. चाप ओढला की खट्. मग शांतता. मग नेमबाज बंदूक खाली करून बघायला लागतो तेवढ्यात धडाम! म्हणून नियम असा की खट् झाल्यावर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट उभं राहायचं. त्या अर्ध्या मिनिटात अत्यंत वाह्यात माणसाच्या तोंडावरही एकादशीचे भाव येतात. शिवाय जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून मागे क्षार उरतो, क्षार हवेतलं पाणी ओढतो, आणि एका रात्रीत नळी गंजते. तेलाने क्षार विरघळत नाही, पाण्याने विरघळतो. म्हणून ब्रिटिश शिपाई संध्याकाळी नरसाळं लावून नळीत उकळतं पाणी ओतत. चहाआधी की नंतर, हे त्यांच्या नियमपुस्तकात बघायला हवं.

प्रायमरवरून आठवलं. त्याच्या दोन प्रमुख पद्धती: बॉक्सर आणि बर्डन. बॉक्सर इंग्रज, बर्डन अमेरिकन. अमेरिकेत बॉक्सर चालतो, इंग्रजांच्या थ्री नॉट थ्रीत बर्डन. घर की मुर्गी तिकडेही डाळीच्याच भावाने जाते.

माझ्या या खडकीच्या काडतुसाला खडकीला न्यावं असं कधीकधी मनात येतं. पण १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय एक जिवंत काडतूससुद्धा बाळगणं गुन्हा आहे, आणि ‘साहेब, हे माहेरपणाला आलंय’ असं विमानतळावर सांगून भागणार नाही. त्यामुळे आपल्याकडे हा छंद रुजलेला नाही. पण कळकलेली काडतुसं नाहीत असं मुळीच नाही. ती वाड्यांत आहेत, माळ्यांवर आहेत, आणि शोध लागला की पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जातात. माझा तर समज आहे की या विषयातला देशातला सगळ्यात मोठा संग्रह तिथेच पडलेला असणार.

साताऱ्याकडच्या माझ्या मावसभावाला अशी तीन सापडली. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांच्या ट्रंकेत चामड्याची थैली, थैलीत थ्री नॉट थ्री. त्याने मला व्हिडिओ कॉल लावला. चामड्याने आपलं काम चोख केलं होतं: तिन्ही काडतुसांवर इतका सुंदर, जाड, मोरपंखी कळंक चढला होता की माझा श्वास अडकला.

“दादा, काय करू?”

“हात लावू नकोस. ठाण्यात कळव. आणि बुडावर काय लिहिलंय ते लांबूनच दाखव.”

बुड हिरव्याखाली पूर्ण झाकलेलं होतं. काही दिसेना. त्याने ठाण्याला फोन केला, मंडळी आली, पंचनामा झाला. पंचनाम्याची नक्कल त्याने मला पाठवली, आणि सांगतो, आमच्या संस्थेच्या नियतकालिकात इतकं नेटकं वर्णन मी वाचलेलं नाही. ‘पितळी धातूची, हिरवट रंग चढलेली, अंदाजे तीन इंच लांबीची, एका टोकास निमुळती, दुसऱ्या टोकास चपटी, जुनी दिसणारी काडतुसे नग तीन, सोबत चामडी थैली एक, जीर्ण, किंमत शून्य.’ खाली दोन पंचांच्या सह्या. मी खूश झालो. स्थिती, लांबी, मूळ वेष्टन, सगळं नोंदलेलं. आता फक्त बुडावरचा शिक्का कळायला हवा होता. मावसभावाला म्हटलं, पुढच्या वेळी गेलास तर हवालदारांना विचारून बघ, काही अक्षरं दिसतात का.

तो गेला. हवालदारांनी रजिस्टर उघडलं आणि अभिमानाने शेरा दाखवला. त्याने तो फोटो काढून पाठवला: ‘सदर मुद्देमालावरील अक्षरे वाचता येत नसल्याने चिंच लावून स्वच्छ घासून घेतला. आता चकाकत आहे. तरीही वाचता येत नाही.’